ओळीच्या आधीची मोकळी जागा

मी नोकरीत नक्की काय करत होते, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. फणसवाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये मी 'कॉम्प्युटरवाली' म्हणून प्रसिद्ध. कोणाचा प्रिंटर अडला की हाक मला. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे सांगून कोणाला पटत नसे.

परळला रक्ताच्या तपासण्या करणारी एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिच्या सॉफ्टवेअर विभागात मी सव्वीस वर्षं होते. पहिली काही वर्षं प्रोग्राम लिहिले. नंतर माझ्याकडे एक वेगळंच काम येऊन चिकटलं आणि निवृत्तीपर्यंत ते सुटलं नाही. प्रोग्रामर ज्यात प्रोग्राम लिहितात त्याला एडिटर म्हणतात. ती एक कोरी वही समजा. या वहीला कोणतीच भाषा येत नसते. ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचा ती भाषा तिला शिकवणारा एक जोड मिळतो, त्याला प्लगिन म्हणायचं. तो बसवला की वही शहाणी होते. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारते, अर्धा शब्द लिहिला की उरलेला सुचवते, हे नाव कुठून आलं म्हणून विचारलं तर नेमकं पान उघडून दाखवते.

बसवायला दोन मिनिटं लागतात. नंतर त्याच्या शे-दीडशे सेटिंग्ज असतात. कुठली चूक दाखवायची, कुठली दुर्लक्षायची, फाइल आपोआप सेव्ह व्हावी की नाही, रंग कोणते. आमच्याकडे चाळीसेक प्रोग्रामर होते आणि या चाळीस वह्या लावून देणं हे माझं काम. एका गृहस्थांना रंग अजिबात नको असायचे. रंगीत अक्षरं बघितली की जाहिरात वाचल्यासारखं वाटतं म्हणायचे. एका बाईंनी सगळ्या लाल रेघा बंद करून घेतल्या आणि पंधरा दिवसांनी, मला कोणी चूक कशी सांगत नाही, म्हणून तक्रार केली. दोघांचंही ऐकून घेतलं.

मी मूळची भित्री. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघणारी, जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा बघणारी. सेटिंग बदललं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्याबरोबर आधी चार जणांच्या पडद्यांवर डोकावून यायची, कारण या कामात बरोबर झालेलं कोणाला दिसत नाही आणि चुकलेलं चाळीस जणांना एकदम दिसतं. पण माझ्या हातून जी सगळ्यात मोठी चूक झाली ती मात्र दोन दिवस कोणालाच दिसली नाही. ती कशी झाली ते सांगायचं तर आधी मिलिंदबद्दल सांगायला हवं.

मिलिंद लालबागचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी करून दोन्ही मुलांना शिकवलं. मिलिंद आमच्याकडे आला तेव्हा तिशीत होता, ही गोष्ट घडली तेव्हा चव्वेचाळीसचा. कमी बोलणारा, नेटका, आणि काम असं चोख की त्याच्याकडे विभागातला सगळ्यात नाजूक भाग दिलेला होता. रुग्णाच्या रक्तात एखादा आकडा जिवाला धोका होईल इतका वर किंवा खाली आला, तर त्याच्या डॉक्टरांना त्याच क्षणी मोबाइलवर कळवणारा भाग. आम्ही त्याला नुसतं 'इशारा' म्हणायचो.

त्या वर्षी पावसाळ्यात मिलिंद माझ्याकडे वारंवार यायला लागला. आधी म्हणाला, प्लगिन बिघडलंय, लाल रेघ दिसत नाही. मी जाऊन बघितलं, रेघ होती. जाड करून दिली. आठवड्याने अक्षर मोठं करून मागितलं. मग कंस उठून दिसत नाहीत म्हणाला. मग पार्श्वभूमी काळी हवी, मग नको, पांढरीच बरी होती. मी मनात म्हटलं, याचं वय होतंय, चष्मा बदलायचा कंटाळा करतोय. तोंडावर तसं म्हणालेही एकदा. तो हसला.

गणपतीला तीन आठवडे होते. लालबागला मांडवांचे बांबू येऊन पडले होते. एका सकाळी मिलिंद कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ घेऊन ऑफिसात आला. लोकांना त्याने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. दुपारी मी त्याच्याकडे काही कामाने गेले तर बाजूचा ड्रॉवर अर्धा उघडा होता. तो उठला आणि सरळ त्या ड्रॉवरवर जाऊन आदळला. ड्रॉवर आहे हे कळल्यावर त्याने हाताने चाचपून तो लावला. चाचपून. मी तिथेच उभी होते, आणि माझ्याकडे बघायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली.

त्याला बाजूच्या लहान मीटिंगरूममध्ये घेऊन गेले आणि विचारलं. त्याने आधी दार चाचपून लावून घेतलं. मग सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. घराण्यात होता, आत्याला होता. बाजूचं दिसणं आधी जातं, मग मधोमध एक भोक उरतं, नळीतून बघितल्यासारखं, आणि ते भोक लहान होत जातं. औषध नाही. डॉक्टर म्हणाले होते, वर्ष, दोन वर्षं, कदाचित तीन. घर ते ऑफिस हा रस्ता त्याने पावलं मोजून पाठ केला होता, पण मांडवाच्या बांबूंनी तो रस्ता एका रात्रीत बदलून टाकला होता.

"मॅडम, कोणाला सांगू नका," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही हे कळलं की इशाऱ्याचं काम आजच्या आज काढून घेतील. मग मला काय, फाइली लावायला बसवणार?"

मी हो म्हटलं. हे हो माझ्या तोंडून फार पटकन गेलं, आणि पुढचे दोन महिने मी त्या एका शब्दाच्या काळजीत काढले. एकीकडे वाटायचं, याच्या हातात लोकांचे जीव आहेत, सरांना सांगायलाच हवं. आमचे विभागप्रमुख नाडकर्णी सर सज्जन होते, त्यांनी आकांडतांडव केलं नसतं. दुसरीकडे वाटायचं, सांगितलं आणि याची नोकरी गेली तर ते कोणी केलं? मी. बसमध्ये बसलं की हाच हिशेब, आणि घराजवळ ठाकूरद्वारला उतरेपर्यंत उत्तर नाही. शेवटी भित्री माणसं करतात तेच मी केलं. निर्णय घेण्याऐवजी कामाला लागले.

मिलिंदला बघायचं सोडून ऐकायला शिकायचं होतं. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते त्याने गुपचूप घरी वापरून बघितलंही होतं. पण आम्ही वापरत होतो ती भाषा होती पायथन, आणि तिथे सगळं अडत होतं. या भाषेत ओळीच्या आधी किती मोकळी जागा सोडली आहे यावर ओळीचा अर्थ ठरतो. इशाऱ्याचा गाभा मराठीत मांडला तर असा होता:

आकडा धोक्याच्या पलीकडे असेल तर –
    तो लाल रंगात दाखव
    रुग्णाचा जुना रिपोर्ट असेल तर –
        तो सोबत जोड
    डॉक्टरांना कळव

शेवटची ओळ बघा. ती 'लाल रंगात दाखव'च्या सरळ रेषेत आहे, म्हणून आकडा धोक्याचा असेल तर डॉक्टरांना कळवायचंच. हीच ओळ चार घरं उजवीकडे सरकली, तर ती 'जोड'च्या खाली येते आणि अर्थ होतो, जुना रिपोर्ट असेल तरच डॉक्टरांना कळव. एक अक्षर बदललेलं नाही. लाल रेघही येत नाही, कारण दोन्ही वाक्यं भाषेच्या दृष्टीने शुद्धच आहेत. डोळस माणसाला ही जागा नजरेच्या एका फटक्यात कळते. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीआधी 'चार मोकळ्या जागा', 'आठ मोकळ्या जागा' असं बोलायला लागलं की माणूस तिसऱ्या ओळीला मूळ विचार विसरतो.

मी शोधत बसले. हे प्लगिन, ते प्लगिन, कोणी परदेशात लिहिलेल्या सूचना. शेवटी एक वाट सापडली. बोलण्याऐवजी सूर. ओळ जेवढी आत, सूर तेवढा वर. एका कानात शब्द आणि त्याच्या आधी अर्ध्या क्षणाचा एक सूर. पाच-सहा पायऱ्यांचे सूर मी लावून दिले. चुकीच्या ओळीवर वेगळा आवाज, खट् असा. आणखी एक केलं. सेव्ह न केलेल्या फाइलच्या नावाशी एक बारीक ठिपका दिसतो, तो मिलिंदला दिसत नव्हता, आणि एकदोनदा त्याचं काम सेव्ह करायचं राहून गेलं होतं. म्हणून फाइल दर काही सेकंदांनी आपोआप सेव्ह व्हावी असं सेटिंग लावलं. हे सगळं आम्ही दुपारी, बाकीचे जेवायला गेले की करायचो. मिलिंद हेडफोन लावून बसला की लोकांना वाटायचं गाणी ऐकतोय.

दिवाळीच्या आधीच्या एका मंगळवारी तो जेवायला गेला होता आणि मी त्याच्या मशीनवर एकटी होते. सूर नीट लागतात का ते बघायचं होतं. सरावासाठी केलेल्या फाइलमध्ये पायऱ्या कमी होत्या, म्हणून त्याची खरी फाइल उघडली. हे करायला नको होतं, आणि करताना मला ते ठाऊक होतं. एका ओळीवर गेले, टॅबचं बटण दाबलं, ओळ एक पायरी आत गेली आणि सूर एक पायरी वर चढला. स्वच्छ, सुरेख. मला इतका आनंद झाला की ओळ आत-बाहेर करत मी परत परत ऐकलं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून कोणी येतंय असं वाटलं. मी हेडफोन काढले, ओळ मागे घेण्याचं बटण दाबलं आणि उठून माझ्या जागेवर गेले. बटण दाबलं हे मला आजही शपथेवर सांगता येईल. किती वेळा दाबलं, ते मात्र सांगता येणार नाही.

मिलिंद जेवून आला तोवर फाइल आपोआप सेव्ह झालेली होती. त्या दिवशी त्याने त्याच फाइलमध्ये दुसरीकडे काही बदल केले आणि ते पुढे पाठवले. आमच्याकडे एकाने केलेले बदल दुसरा वाचतो. वाचणाऱ्यापुढे फक्त बदललेल्या ओळी येतात. पण काही वर्षांपूर्वी लोकांनी मोकळ्या जागांचे फुटकळ बदल सारखे दिसतात म्हणून कटकट केली होती, आणि तेव्हा ते दिसू नयेत असं सेटिंग मीच सगळ्यांना लावून दिलं होतं. त्यामुळे वाचणाऱ्याला ती ओळ दिसलीच नाही. तपासणीसाठी आम्ही जे खोटे रुग्ण वापरायचो त्या सगळ्यांचे जुने रिपोर्ट होते, त्यामुळे तिथेही सगळं हिरवं, म्हणजे बिनचूक, आलं. बुधवारी सकाळी नवा प्रोग्राम चालू झाला.

शुक्रवारी साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या शिल्पा नाईक धावत वर आल्या. या आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. एका बाईंचं पोटॅशियम भलतंच वर आलेलं त्यांना पडद्यावर लाल दिसलं. इशारा गेलाच असणार, पण शिल्पाताईंची सवय अशी की त्या स्वतः एक फोन करतात. डॉक्टर म्हणाले, मला काही आलेलं नाही. त्यांनी ताबडतोब पेशंटला हॉस्पिटलात हलवलं. त्या बाई आमच्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या.

दहा मिनिटांत कळलं की बुधवारपासून पहिल्यांदा आलेल्या एकाही रुग्णाचा इशारा गेला नव्हता. यादी काढली. या बाई सोडून सहा नावं. नाडकर्णी सरांनी ती कागदावर लिहून घेतली आणि शिल्पाताई एकेक फोन लावायला बसल्या. एक जण आधीच हॉस्पिटलात होता. एकीचे डॉक्टर म्हणाले, मी संध्याकाळी स्वतःच रिपोर्ट बघितला होता. तिसरे, चौथे, पाचवे मिळाले. सहावे शिवडीचे एक आजोबा. साखर अतिशय खाली. फोन बंद. डॉक्टरांकडे दुसरा नंबर नव्हता. ज्या माणसाने घरी जाऊन त्यांचं रक्त घेतलं होतं त्याला शोधून काढलं, तो नायगावात होता, तो स्कूटर घेऊन निघाला.

मग वाट बघणं. मी खूप प्रकारच्या काळज्या केल्या आहेत, पण त्या पाऊण तासासारखी नाही. कोणी बसत नव्हतं. सर खिडकीशी उभे. शिल्पाताई त्या बंद नंबरला पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या आणि तेच ध्वनिमुद्रित वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. मला आजोबांचा चेहरा दिसत होता, ज्यांना मी कधी बघितलंच नव्हतं.

तिकडे चार प्रोग्रामर एका पडद्यापुढे उभं राहून चूक शोधत होते. नवीन काय बदललं ते ओळ न् ओळ वाचत होते, आणि जे वाचत होते त्यात चूक नव्हती. मिलिंद आपल्या जागेवर हेडफोन लावून बसला होता. कोणीतरी वैतागून म्हणालंही, हा काय गाणी ऐकतोय आत्ता. पाचेक मिनिटांनी मिलिंदने हेडफोन काढले.

"कळवायची ओळ एक सूर वर गेलीय," तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मंगळवारची दुपार आठवली. ते चौघे वाकून बघायला लागले. एकाने ओळीवर बोट ठेवलं. चार घरं.

ओळ मागे घेतली, प्रोग्राम पुन्हा चालू झाला. सरांनी इतिहास काढायला सांगितला. कोणती ओळ कधी आणि कोणाच्या मशीनवरून बदलली याची नोंद असते. मंगळवार दुपार, मिलिंद.

सर शांतपणे म्हणाले, "मिलिंद, तुझ्या नावावर आहे."

मिलिंदने मान हलवली. म्हणाला, ती ओळ मी हलवली नाही, पण पाठवली मी, जबाबदारी माझी. तो माझ्याकडे वळला नाही. त्याला ठाऊक होतं की मंगळवारी दुपारी त्याच्या जागेवर मी होते. तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

मी बोलले. म्हणाले, "ओळ मी हलवली, सर. सूर तपासत होते. मागे घ्यायची राहिली." इथे थांबता आलं असतं. सरांनी विचारलं असतं, कसले सूर, तर सांगता आलं असतं की नवीन प्लगिन बघत होते. पण मला एकदम सगळंच ओझं खाली टाकायचं होतं, दोन महिन्यांचं. मी म्हणाले, "मिलिंदला नीट दिसत नाही. त्याची दृष्टी चाललीय. त्याला ऐकून काम करता यावं म्हणून मी हे लावून देत होते."

खोलीत मिलिंद सोडून सात माणसं होती. सातही माणसांनी मिलिंदकडे बघितलं. त्याला ती किती दिसली असतील कोण जाणे. तो उठला, खुर्ची नीट आत सारली आणि बाहेर गेला.

साडेअकराला स्कूटरवाल्याचा फोन आला. आजोबा शेजारच्या इमारतीत मुलीकडे होते. सकाळी घेरी आली होती, मुलीने साखरेचं पाणी पाजलं होतं, आता ते डॉक्टरांकडे निघाले होते. शिल्पाताईंनी फोन ठेवला आणि त्या तिथेच टेबलावर डोकं टेकून रडल्या. मला रडू आलं नाही. मी स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

मला लेखी समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती, आणि खरं सांगायचं तर थोडी सौम्यच मिळाली. मोकळ्या जागा लपवणारं सेटिंग मी त्याच दिवशी चाळीस मशीनवर जाऊन काढलं. मिलिंदची चूक नव्हती, हे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तरी इशाऱ्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, तात्पुरतं म्हणून. वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं. तीन महिने तो जुन्या प्रोग्रामची माहितीपुस्तकं लिहीत बसला. त्याला ज्याची भीती होती तेच झालं, आणि त्याला कारण त्याचे डोळे नव्हते.

तो माझ्याशी बोलेनासा झाला. उद्धटपणा नाही, 'हो मॅडम', 'नाही मॅडम', एवढंच. महिन्याभराने मी न राहवून त्याच्या घरी गेले. लालबागला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. दाराशी त्याचे बूट होते. त्याची बायको सुजाता, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिने दार उघडलं, आत बसवलं, चहा केला. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली मिलिंदची कॉलेजातली प्रशस्तिपत्रं. मिलिंद बाहेर गेलाय, सुजाता म्हणाली. तिने बुटांकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

मी जे पाठ करून आले होते ते सगळं तिला सांगितलं. मला खरं बोलायचं होतं, लपवणं जड झालं होतं, त्याच्यावर आळ येऊ नये म्हणूनच मी बोलले. तिने ऐकून घेतलं.

"ओळीबद्दल तो रागावलेला नाही, मॅडम," ती म्हणाली. "चुका होतात. पण त्याला स्वतः सांगायचं होतं ना. दिवाळीनंतर सरांना बोलावून, आधी ऐकून काम करून दाखवायचं आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं त्याने. काय बोलायचं ते मला रोज म्हणून दाखवायचा."

चहा तसाच ठेवून उठता आलं नाही म्हणून प्यायले. आतल्या खोलीच्या बंद दाराआड, पाच पावलांवर तो बसला असणार आणि त्याला सगळं ऐकू येत असणार. आता आठवलं की वाटतं, दाराकडे तोंड करून एक वाक्य तरी बोलायला हवं होतं.

पुढे गोष्टी सावरल्या, पण माझ्यामुळे नाही. त्या प्रकरणानंतर इशाऱ्याचा प्रत्येक बदल दोघांनी वाचायचा असा नियम झाला. सरांनी एका खेपेला दुसरा वाचणारा म्हणून मिलिंदला बसवलं. बाकीचे नजर टाकून पुढे जायचे. मिलिंदला तसं जाताच येत नव्हतं, त्याला ओळ न् ओळ ऐकावीच लागायची. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन अशा चुका पकडल्या ज्या डोळ्यांनी वाचणाऱ्याकडून सुटल्या होत्या. पावसाळा यायच्या आत इशारा पुन्हा त्याच्याकडे आला. मी लावलेले सूर त्याने काढून टाकून आपल्या कानाला हवे तसे नवे लावले होते, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मिलिंदने हात मिळवला आणि तब्येत सांभाळा म्हणाला. मला वाटलं, संपलं.

गेल्या वर्षी एका सकाळी त्याचा फोन आला. दादरला शिवाजी पार्कजवळ सरोज मॅडम म्हणून एक प्रोग्रामर राहतात, पन्नाशीच्या, त्यांचीही दृष्टी चाललीय, आणि कोणाच्या तरी ओळखीने त्या त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या. प्लगिनची नवी आवृत्ती आलीय, सेटिंगच्या जागा बदलल्यात, तुम्ही बरोबर याल का, असं त्याने विचारलं. मी लगेच हो म्हटलं, आणि मग रविवारपर्यंत तीनदा पिशवी भरून तीनदा रिकामी केली.

मिलिंद आता पांढरी काठी घेऊन चालतो. जिना चढताना त्याने माझा आधार घेतला नाही, मीही पुढे केला नाही. सरोजबाईंच्या घरी मैदानाकडे उघडणारी खिडकी होती, बाहेर मुलांचं क्रिकेट चाललं होतं, आणि दर थोड्या वेळाने सरोजबाई त्या आवाजाने दचकत होत्या. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. मी सवयीने तो माझ्याकडे ओढायला लागले.

"नको, मॅडम," मिलिंद म्हणाला. "मी करतो. जागा सापडली नाही तर विचारेन."

मी खुर्ची मागे घेतली. त्याने लॅपटॉप चाचपून समोर घेतला, हेडफोन जोडला, आणि मग झाकण उघडायच्या आधी हात थांबवून सरोजबाईंच्या आवाजाच्या दिशेने वळला.

"सुरू करायच्या आधी एक सांगा," त्याने विचारलं. "तुमच्या ऑफिसात हे कोणाकोणाला माहीत आहे? आणि कोणाकोणाला तुम्ही स्वतः सांगणार आहात? तुम्ही न सांगता आम्ही दोघं कोणाला काही सांगणार नाही."

सरोजबाई बोलायला लागल्या. एकेक नाव घेत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मी पर्समधून वही काढून ती नावं लिहून घेतली, आणि संपल्यावर मोठ्याने वाचून दाखवली, एकही चुकू नये म्हणून दोनदा.